जिन्याच्या डाव्या हाताला

डॉक्टर इबेनेझर ग्लेनी ज्या खोलीत जन्मला ती खोली मी दर मंगळवारी आणि शनिवारी लोकांना दाखवते. एकवीस वर्षं झाली. फुकट. बदल्यात नाताळाआधी एक जेवण मिळतं आणि गळ्यात अडकवायला एक पट्टी. तिच्यावर पूर्वी 'नेट्टा पर्डी, स्वयंसेवक' असं होतं. गेल्या वर्षी नवे साहेब आले आणि त्यांनी ते 'नेट्टा, कथावाहक' असं करून टाकलं. आडनावामुळे म्हणे पाहुण्यांना दडपण येतं. आमच्या ऑखरी गावात पर्डी या आडनावाचं दडपण आजवर एकालाही आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ग्लेनी आमच्या कापूस-गिरणीतला पोरगा. दहाव्या वर्षापासून सूत कातलं, मग डॉक्टर झाला, मग बायबल घेऊन आफ्रिकेत गेला आणि तीस वर्षं चालत राहिला. एका तळ्याचा शोध लावला. त्या तळ्याकाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या मासे धरून खात होते, पण तळं सापडलेलं नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांत त्याने दोन माणसं ख्रिस्ती केली, त्यातला एक पुढल्या पावसाळ्यात परत गेला. तेवढ्यावर आमच्या गावात ग्लेनी रस्ता आहे, ग्लेनी शाळा आहे, तळलेल्या मासळीचं ग्लेनी दुकान आहे आणि ग्लेनीच्या नावाचा गुत्ताही आहे. तो स्वतः थेंबाला शिवत नसे. गुत्त्यात त्याची तसबीर आहे, पण तिचं तोंड दारूच्या बाटल्यांकडे नाही, दाराकडे आहे. एवढा मान आम्ही राखतो.

म्युझियम आहे ते गिरणीच्या जुन्या चाळीत. तिसऱ्या मजल्यावर जिना संपतो तिथे दोन दारं. उजवं दार जन्मखोलीचं. भिंतीतला कोनाड्यासारखा पलंग, लोखंडी तवा, पाळण्यात मेणाचं बाळ. मागच्या डागडुजीत बाळाच्या गालांना नवा रंग दिला, तेव्हापासून ते जरा प्यायल्यासारखं दिसतं. आणि डावं दार पुरुषांच्या स्वच्छतागृहाचं.

आता खाली टी-रूममध्ये इसा गिलेस्पी. वय चौऱ्याऐंशी, विधवा, हातचे स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे मऊ पाव, लोण्यासारखे आणि जीभ कात्रीसारखी. आमच्या आईची मैत्रीण, म्हणून माझी इसामावशी. माहेरची ती लाफर्टी, आयरिश, कॅथलिक. वरच्या मजल्यावरून कुणी पुरुष हात झटकत खाली आला की इसामावशी त्याला चहा देता देता म्हणायची, "काय रे, टोपी काढली होतीस ना आत?"

"कशाला?"

"अरे, ग्लेनी जन्मला तिथं जाऊन आलास तू. समोरच्या खोलीत नुसतं मेण आहे. खरी जागा ती. माझी आई सांगायची. मीसुद्धा तिथंच जन्मले, म्हणजे बघ, एका खोलीतून दोन मोठी माणसं निघाली."

लोक हसायचे. गावही हसायचं. आधीच कॅथलिक, त्यात आमचा ग्लेनी पळवायला निघालेली. 'इसाचा मुतारीतला संत' हा आमच्याकडे तीन पिढ्यांचा विनोद आहे. ती मात्र हसत नसे. तिला खरंच वाटायचं की मरायच्या आधी एकदा, एकच वेळा, कुणीतरी म्हणावं की बाई, तुझं खरं आहे.

नवे साहेब म्हणजे जूलियन कॅरदर्स, एडिनबराचे. त्यांचं पद 'अनुभव-प्रमुख'. कसला अनुभव, तो आम्हाला अजून आलेला नाही. त्यांनी एप्रिलमध्ये इसामावशीला लेखी ताकीद दिली. पाहुण्यांना 'असत्यापित मौखिक कथन' पुरवणं थांबवावं, पुन्हा तक्रार आल्यास टी-रूमची सेवा संपुष्टात येईल. मावशीने पत्र वाचलं, घडी घातली आणि टेबलाचा पाय डुगडुगत होता त्याखाली सारलं.

"थांबव ना गं मावशी," मी म्हटलं. "काय मिळतं तुला सांगून?"

"आणि न सांगून काय मिळेल?" ती म्हणाली. "या टी-रूमवाचून मला जायला जागा नाही, पोरी. घरी चार भिंती बोलत नाहीत. आणि जे घर माझं होतं तिथं लोक मुततात. मग मी बोलू पण नको?"

मी कपबशा विसळत राहिले. माझ्या गप्प बसण्याचं कारण सांगायला हवं, ते सांगते.

आमच्या चाळींमध्ये पत्ता सांगताना मजला आणि हात सांगतात. 'तिसरा मजला, डावा हात.' डावा म्हणजे जिना चढून वर येणाऱ्या माणसाचा डावा. टपालवाला, कोळसेवाला, दाई, भाडं मागणारा, सगळे खालून वर येतात, म्हणून. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. १९२९ साली ग्लेनीचं स्मारक करायचं ठरलं आणि गिरणीच्या जुन्या भाडेवहीत नोंद सापडली: 'ग्लेनी, माणसं सात, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.' झालं, दोन पाद्री, एक प्रोफेसर आणि गिरणीमालकाची विधवा असे चौघे जिना चढून आले.

डाव्या हाताला तेव्हा लाफर्टी राहत. नवरा-बायको, सहा पोरं, भिंतीवर येशूच्या काळजाची तसबीर, तिच्याखाली लाल दिवा आणि शेजारी पोप. अर्धवट उघड्या दारातून पाद्र्यांनी हे पाहिलं आणि त्यांचे चेहरे पडले. आमच्या प्रॉटेस्टंट धर्मवीराचा जन्म पोपच्या नजरेखाली झाला, हे पत्रकात छापायचं कसं?

उजव्या दाराला पाठ लावून माझे आजोबा उभे होते. रॅब पर्डी. विधवाबाईंच्या मोटारचालकाकडून त्यांना आदल्या दिवशी कळलं होतं की ज्या कुटुंबाची खोली स्मारकाला घेतील त्यांना टेकडीवरचं नगरपालिकेचं नवं घर मिळणार. बाग, न्हाणीघर, न्हाणीघरात टब. आजोबांनी लाफर्टींना सांगून ठेवलं होतं की ज्यांची खोली ठरेल त्यांना रस्त्यावर काढणार आहेत, तेव्हा कुणी विचारलं तर तोंड उघडू नका. ते बिचारे आत मुकाट बसून राहिले.

"डावा हात म्हणजे हीच ना खोली?" प्रोफेसरांनी लाफर्टींच्या दाराकडे नाखुशीने बोट केलं.

"नाही साहेब," आजोबा म्हणाले. "आम्ही गिरणीची माणसं उतरताना मोजतो. पहाटे भोंगा झाला की खाली पळायचं, हाच आमचा जन्म. चढून येताना डोळे कुणाचे उघडे असतात?"

प्रोफेसरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाद्र्यांना हायसं वाटलं. चौघांपैकी एकालाही खाली जाऊन टपालवाल्याला विचारावंसं वाटलं नाही, आणि आमच्या लोकांचं असं आहे की वही घेऊन आलेल्या माणसाला कुणी आपणहून काही सांगत नाही. प्रोफेसरांची ती वही आज खाली काचेच्या पेटीत आहे, 'उतरत्या मोजणीची श्रमिक परंपरा' या पानावर उघडलेली. एका मुलीने त्यावर डॉक्टरेट मिळवली. वहीच्या वर आजोबांचा फोटो आहे.

पर्डी टेकडीवर गेले. लाफर्टी आणखी सव्वीस वर्षं तिथेच राहिले, अंगणातल्या सामायिक संडासाला रांग लावत.

हे मला बाबांनी सांगितलं, हॉस्पिटलात, जाण्याच्या दोन दिवस आधी. १९२९ला ते नऊ वर्षांचे होते, आजोबांच्या शेजारी उभे होते, सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "नेट्टा, तो टब लाफर्टींचा होता." मी म्हटलं, "बाबा, झोपा आता." आणि तेव्हापासून मी कुणाला बोलले नाही. आपल्याच आजोबांचा फोटो आपल्याच हाताने कशाला उतरवायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय उजव्या खोलीबद्दलचं भाषण मला तोंडपाठ झालं होतं, चांगलं व्हायचं माझं ते, शाळेच्या शिक्षिका कधीकधी टाळ्या वाजवत.

मे महिन्यात मलावीहून पाहुण्या येणार असं ठरलं. ग्लेनीच्या तळ्याकाठच्या चर्चच्या महिला मंडळाच्या सहाजणी, सुकी मासळी विकून विकून सहा वर्षांत प्रवास जमवलेल्या. ग्लेनी जन्मला त्या खोलीत उभं राहून एक भजन म्हणायचं, एवढंच त्यांना हवं होतं. कॅरदर्ससाहेबांना ते फार साधं वाटलं. त्यांनी तीन मिनिटांची शांतता ठेवली, रंगीत चिठ्ठ्या ठेवल्या ('या खोलीने मला काय विचारलं?') आणि जिन्याच्या तळाशी माणसाएवढा फलक उभा केला. फलकावर म्युझियमतर्फे माफी होती. ग्लेनीबद्दल, तळ्याबद्दल, नकाशांबद्दल आणि शेवटी माफी मागायला उशीर झाल्याबद्दल.

बायका आल्या. पांढरे झगे, डोक्याला निळे रुमाल, आमच्या मे महिन्याच्या थंडीत वरून जाड कोट. मंडळाच्या प्रमुख मिसेस फैलेस चिरवा, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा लावून फलक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. साहेब शेजारी हात जोडून उभे.

"फार लांबलंय," मिसेस चिरवा म्हणाल्या. "माफी एका ओळीत मागायची असते. पण अक्षर छान आहे. चहा कुठं मिळेल?"

कार्यक्रमात चहा शेवटी होता. पण त्या पहाटे उठून पाचच्या गाडीने आल्या होत्या, कोण अडवणार? साहेब माझ्या कानाशी लागले. "नेट्टा, त्या गिलेस्पीबाईंना कृपा करून स्वयंपाकघरात ठेवा."

मी आधीच मावशीला विनवलं होतं. ती म्हणाली होती, "विचारलं नाही तर बोलणार नाही. पण विचारलं तर खोटं बोलायचं वय राहिलं नाही माझं. शनिवारी पापांची कबुली द्यायला पाद्रीबाबासमोर गुडघे टेकायचेत मला."

मिसेस चिरवांनी स्कोनचा एक घास घेतला, डोळे मिटले, मग विचारलंच, "आजी, तुम्ही इथल्याच का?"

"इथलीच. याच चाळीत जन्मले, वर तिसऱ्या मजल्यावर."

"अगंबाई! ग्लेनीच्याच मजल्यावर?"

"मजल्यावर कसली," मावशी म्हणाली. "त्याच खोलीत."

मी कपाळाला हात लावला.

पंधरा मिनिटांनी आम्ही सगळे तिसऱ्या मजल्यावर. साहेब, सहा बायका, वर्तमानपत्राचा फोटोवाला आणि मी. मी भाषण सुरू करायला तोंड उघडलं तोच मिसेस चिरवा म्हणाल्या, "थांबा. इथं दोन दारं आहेत. चहावाल्या आजी म्हणाल्या, डावं."

साहेब हसले. एडिनबराचं हसू, त्यात दात दिसत नाहीत. "ती एक स्थानिक दंतकथा आहे. तिचंही आम्ही स्वागत करतो." आणि स्वागत करायला ते जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडले, "मिसेस गिलेस्पी! जरा वर येता का?"

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई तीन मजले चढून आली, मध्ये दोनदा थांबून. वर आली ती कठडा धरून, धापा टाकत.

"मिसेस गिलेस्पी," साहेब अगदी हळुवार आवाजात म्हणाले, ते वाईट बोलताना नेहमी हळुवार होतात. "तुम्हाला लेखी कळवलं होतं. आजच्या दिवशी तरी... असो. तुम्ही ॲप्रन काढून ठेवलात तर बरं होईल. आत्ताच."

मावशीने काही उलट उत्तर दिलं असतं तर मी कदाचित आजही गप्प बसले असते. पण तिने नुसते हात मागे नेले आणि गाठ चाचपू लागली. गाठ सुटेना. बोटं वाकडी झालीत तिची संधिवाताने. पाहुण्या बायका बघतायत, फोटोवाला बघतोय, आणि ती आपली गाठ शोधतेय.

"तिचं खरं आहे," मी म्हटलं.

"नेट्टा?" साहेब म्हणाले.

"डावं म्हणजे चढणाऱ्याचं डावं. उतरताना कुणी मोजत नाही. कधीच मोजत नव्हतं. माझे आजोबा खोटं बोलले, टेकडीवरच्या घरासाठी. तुमच्या काचेच्या पेटीतली परंपरा त्यांनी इथं, या पायरीवर उभं राहून, दोन मिनिटांत बनवली. लाफर्टींना फसवलं. ग्लेनी या खोलीत जन्मला." आणि मी डाव्या दाराकडे बोट दाखवलं. दारावर पाइप ओढणाऱ्या टोपीवाल्या माणसाचं चित्र होतं.

मग साहेब म्हणाले, "हे फार समृद्ध आहे, पण आपण ते सोमवारच्या बैठकीत घेऊ या."

"सोमवारी आम्ही विमानात असू," मिसेस चिरवा म्हणाल्या. "आणि तुम्ही काळजी करू नका. ग्लेनी जिथं मेला ते झाड आमच्याकडे दोन गावांत आहे. खोटं कुठलं ते सगळ्यांना माहीत असतं. आम्ही दोन्हीकडे फुलं वाहतो, पण रडतो खऱ्यापाशी." असं म्हणून त्यांनी डाव्या दारावर टकटक केली.

आतून आवाज आला, "आहे कुणीतरी!"

आम्ही थांबलो. एक लांबलचक डच सायकलस्वार ओले हात घेऊन बाहेर आला आणि समोर सहा निळे रुमाल बघून त्याने दार धरून ठेवलं, शहाणा माणूस. बायका एकामागोमाग आत गेल्या. मावशीला त्यांनी पुढे घातलं.

"पलंग इथं," मावशी म्हणाली, आणि भिंतीला लागून असलेल्या चिनीमातीच्या भांड्यांच्या रांगेवरून तिने हवेत हात फिरवला. "चूल तिथं, साबणाच्या जागी. खिडकी तीच आहे. आई या खिडकीतून आम्हाला हाका मारायची."

बायकांनी भजन सुरू केलं. फरशीची खोली, आवाज असा घुमला की खाली रस्त्यावर लोक थांबले. कुणाचं कोपर हललं की हात वाळवायचं यंत्र घूं करून सुरू व्हायचं, आणि त्या त्याच्याही वर आवाज चढवायच्या. मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि खिडकीपाशी ताठ उभी राहिली. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तीन पिढ्यांचं ओझं उतरवणारी बाई म्हणून मी स्वतःकडे आरशात पाहिलंसुद्धा, बेसिनवर आरसा होताच.

साहेब जिन्यात फोनवर होते. "दुहेरी जन्मस्थान," ते कुणाला तरी सांगत होते, "हो, वादग्रस्त! अनुदानाच्या अर्जात वादग्रस्तला वेगळा रकाना आहे." फोन ठेवून ते आत आले आणि मावशीचे दोन्ही हात धरले. "इसा, तुमच्यासारखा आवाज आम्ही किती दिवस शोधत होतो! कथावाहक व्हाल?"

"आधी स्कोन काढते भट्टीतून," मावशी म्हणाली.

पाहुण्या खाली गेल्या. मावशी मागे राहिली, हात धुवायला. मी दारात थांबले. मला वाटलं आता ती मला जवळ घेईल.

"तुला कुणी सांगितलं गं?" तिने आरशातून विचारलं.

"बाबांनी. जाताना."

"आर्चीनं? म्हणजे आर्चीला माहीत होतं." तिने नळ बंद केला. "आर्चीला जाऊन किती झाली?"

"एकोणीस वर्षं."

तिने ॲप्रनला हात पुसले. मग म्हणाली, "ह्यूईला जाऊन अकरा झाली."

ह्यूई तिचा नवरा. मी मान हलवली.

"चांगला होता माझा नवरा. कधी वाकडा शब्द नाही. एवढंच, की चारचौघांत मी खोलीचं काढलं की टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचा, गप्प बस म्हणून. आणि लोकांकडे बघून डोळा मारायचा, म्हणजे हिचं मनावर घेऊ नका. मला दिसायचं ते. शेवटच्या दुखण्यात म्हणाला, 'इसा, मी गेल्यावर ते मुतारीचं कुणाला सांगत बसू नकोस गं. मी नसेन, आणि लोक तुला हसतील.' माझ्या काळजीनं म्हणाला बिचारा."

"मावशी..."

"आठ वर्षं, नेट्टा," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. "आर्ची गेल्यावर आठ वर्षं तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर जेवायला बसायचा. आणि तू दर मंगळवारी आमच्या दारावरून घरी जायचीस."

ती बाहेर आली. मी हात पुढे केला, तीन मजले उतरायचे होते. तिने भिंत धरली आणि एकेक पायरी उतरत खाली गेली.